चारशे बारा बेटं

४ फेब्रुवारी

ठोकळ्या,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गेलाय तो माझा खेळ. फोन केला असता तर मी भांडले असते आणि तू "आत्या, आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला असतास. पत्र तसं ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी मी 'सातशे बेटं' विकत घेतला. तू ज्या ऑनलाइन दुकानात नोकरी करतोस, तिथूनच. होडीतून बेटावर उतरायचं, पायी फिरायचं आणि दिसेल ते कोऱ्या कागदावर आपल्या हाताने काढायचं. मारामारी नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. गुडघ्याचं ऑपरेशन बिघडल्यापासून मी घर ते दुकान एवढीच चालते. बाकीचं माझं सगळं चालणं त्या बेटांवर झालंय. चारशे बारा बेटांचे नकाशे काढले मी. रविवारी कॉम्प्युटर लावला तर खेळाच्या जागी राखाडी चौकोन, आणि नकाशेही नाहीत. ते म्हणे तुमच्या यंत्रावर होते.

मी तुमच्या 'ग्राहक-स्नेह विभागा'ला लिहिलं. उत्तर आलं ते असं: "आपण खेळ विकत घेतला नव्हता, तो खेळण्याची परवानगी घेतली होती. ती परवानगी संपली आहे. आपल्या समजूतदारपणाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत." माझा समजूतदारपणा यांनी कधी पाहिला? हे वाक्य कोणत्या गाढवाने लिहिलं ते मला कळव. तू त्याच इमारतीत बसतोस, तुला ठाऊक असणार.

'गंजलेलं इंजिन' आठवतो तुला? आवाजावरून बिघाड ओळखायचा खेळ. आणि 'अकरावा मजला', ज्यात मी अशी किंचाळले होते की शेजारीण काठी घेऊन आली? दोन्हींच्या सीडी माझ्या टेबलाच्या खणात आहेत. बावीस वर्षं झाली, ते विकणारी कंपनी केव्हाच बुडाली, आणि मी गेल्या महिन्यात दोन्ही खेळले. त्याला म्हणतात विकत घेणं.

उत्तर दे. गोलमाल नको.

तुझी आत्या

---

११ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. पत्र पोचलं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस, यापुढे खोलीच्या पत्त्यावर पाठव.

आमचा विभाग मोठा आहे. असली उत्तरं ठरलेली असतात, कुणी कधी लिहिली ते सांगता येत नाही. तू एका माणसावर राग धरू नकोस.

खेळ बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, तिने आमच्याशी करार संपवला, म्हणून तो काढावा लागला. हे अटींमध्ये आधीपासून लिहिलेलं होतं. तू 'मान्य आहे' वर टिचकी मारली होतीस. सगळेच मारतात. आता सगळं असंच चालतं गं, गाणी, सिनेमे, पुस्तकं. लोकांना त्याचं काही वाटत नाही. तुला खात्यात तेवढ्याच किमतीचा दुसरा खेळ घेता येईल. एक चांगला शेतीचा आलाय, सुचवू का?

नकाशे अजून आमच्या यंत्रावर आहेत. ३१ मार्चला जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं, त्यासाठी काही करता येणार नाही.

एक विनंती आहे. कुठेही काही लिहिलंस तर भाचा तिथे नोकरीला आहे असं लिहू नकोस. आई घाबरते.

गुडघा कसा आहे?

ठोकळ्या

---

१७ फेब्रुवारी

ठोकळ्या,

भाचा नव्हे, घाबरट भाचरू झालायस तू. तुला खेळायला मी शिकवलं. माझ्या मांडीवर बसून पडणारे ठोकळे रचायचास आणि हरलास की कळफलकावर डोकं आपटायचास, त्यावरून तर हे नाव पडलं. आणि तू मला शेतीचा खेळ सुचवतोस? माझे नकाशे मागतेय मी, भोपळे नाही.

तुला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. गेल्या वर्षी एक घरमालक माझ्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात आला. म्हणाला, भाडेकरू परगावी गेलाय, दार उघडून द्या, घर माझंच आहे, ही बघा कागदपत्रं. कागदपत्रं खरी होती. मी म्हटलं, घर तुमचं आहे, पण आत राहतो तो. त्याला समोर आणा, मग कुलपाला हात लावते. तो चिडला, माझं दुकान बंद पाडीन म्हणाला. मी कानस खाली ठेवली नाही. एकोणतीस वर्षांत राहणारा माणूस दारात उभा नसताना मी एक कुलूप उघडलेलं नाही. भाड्याच्या खोलीला जगात एवढा मान आहे, रे! मी तर भाडं दिलं नव्हतं, किंमत दिली होती. तुमच्या पानावर 'विकत घ्या' असं हिरवं बटण आहे. घेताना विकत, काढून घेताना परवानगी, हा कुठला न्याय?

आणि खेळ काढून घेतलात, ठीक आहे, तो तुम्ही बनवला नव्हता आणि मीही नव्हता. पण नकाशे मी काढलेत. प्रत्येक खडक, प्रत्येक ओढा. ते कुठल्या अटीत तुमचे झाले?

तर मी ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज दिलाय. दुकानाच्या काचेवर कागदही चिकटवला, 'ज्यांचे खेळ पळवले त्यांनी आत यावे'. मला वाटलं दोघं-तिघं येतील. त्रेचाळीस जण आले. दातांच्या कवळ्या बनवणारा एक आहे, एक लिफ्ट दुरुस्त करणारी आहे, एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. मास्तरांची सातशेपैकी साडेसहाशे बेटं झाली होती. मला पाहून हात जोडले आणि म्हणाले, बाई, उत्तरेच्या बेटांवरचा धबधबा तुम्हाला सापडला होता का? आम्ही दोघं तिथेच उभे राहून अर्धा तास बोललो, आणि एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

लोकांना काही वाटत नाही म्हणतोस. त्यांना विचारलं कुणी?

तुझं नाव कुठेही लिहिलेलं नाही. वहिनीला सांग.

आत्या

---

२८ फेब्रुवारी

आत्या,

सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात 'सातशे बेटं' आहे, आणि तुझे चारशे बारा नकाशे. आम्हाला आतल्या तपासणीसाठी प्रत काढायची सोय असते, तिच्यातून काढलंय. आमच्या यंत्राला न विचारता चालेल. इंटरनेटही लागणार नाही. जन्मभर चालेल.

कुणाला सांगू नकोस. मास्तरांनाही नाही. आणि आता तक्रार मागे घे. तुझं तुला मिळालं.

मी हे दुसऱ्या कुणासाठीही केलं नसतं.

ठोकळ्या

---

६ मार्च

माझ्या ठोकळ्या,

दोन दिवस ती पेन ड्राइव्ह टेबलावर होती. मी तिच्याभोवती फिरत होते. एकदा कॉम्प्युटर लावलाही, टोपण काढलं, आणि परत बसवलं. काय वाटलं ते लपवत नाही, जीव तुटत होता. तू माझ्यासाठी एवढं केलंस याने डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तुझा कान पिरगळावासाही वाटला.

मी माझ्याच घरात मागच्या खिडकीतून का शिरू? मी शिरले तर उद्या ते म्हणतील, बघा, चोरच आहे ही. आणि बाकीचे त्रेचाळीस, आता एकसष्ट झालेत, त्यांनी कुणाच्या भाच्याला शोधायचं?

आमच्या धंद्यात एक रीत आहे. चुकून दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली हातात आली तर ती ठेवायची नाही, फेकायची नाही, ज्याचं कुलूप त्याला पोचती करायची. म्हणून मी ती पेन ड्राइव्ह काल रजिस्टर पोस्टाने तुमच्या दुकानाच्या मुख्य कचेरीत पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली: "ही किल्ली तुमची आहे, माझ्याकडे आली होती. वापरलेली नाही. माझी मला समोरच्या दारातून द्या."

तू घाबरू नकोस. कुणाकडून आली ते लिहिलेलं नाही, पाकीटही नवं घेतलं. आता बघू काय तोंड घेऊन नाही म्हणतात.

आत्या

---

१५ मार्च

आत्या,

तपासणीच्या प्रत्येक प्रतीत ती काढणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक असतो. कुठे लिहावा लागत नाही, आपोआप असतो. तू पाकीट नवं घेतलंस. शाब्बास!

सोमवारी मला आत बोलावलं. टेबलावर पेन ड्राइव्ह आणि तुझी चिठ्ठी. आडनाव एकच, मग पुढे काय विचारायचं राहिलं होतं? मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईल आणि काढून टाकतील. सहा वर्षं काम केलंय मी तिथे. खोलीचं भाडं, बाबांची औषधं, सगळं या नोकरीवर आहे, हे तुला माहीत होतं. पाठवण्याआधी मला एकदा विचारायचं सुचलं नाही? तत्त्व तुझं आणि नोकरी माझी! तुला खेळ नको होता, तुला जिंकायचं होतं.

आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर हेही ऐक. ते वाक्य लिहिणारा गाढव मीच. "परवानगी संपली आहे, आपल्या समजूतदारपणाबद्दल ऋणी आहोत." दोन वर्षांपूर्वी एक खेळ काढला तेव्हा लोक फार भांडत होते, मला म्हणाले काहीतरी लिही ज्याने माणूस गप्प बसेल. मी लिहिलं. लोक खरंच गप्प बसले. मला बढती मिळाली. तेव्हापासून प्रत्येकाला तेच जातं, तुलाही तेच गेलं, आणि ते तुला गेलेलं मला तुझं पत्र येईपर्यंत माहीतही नव्हतं.

सध्या पत्र पाठवू नकोस.

ठोकळ्या

---

२० मार्च

ठोकळ्या,

पाठवू नकोस म्हणालास तरी हे पाठवावंच लागतंय. वाचून ठरव.

आधी हे, की माझं चुकलं. किल्ली परत करायची रीत खरी आहे, पण त्याआधी ती ज्याच्या हातून आली त्याला विचारायचं, हीसुद्धा त्याच रीतीतली गोष्ट आहे. मी विचारलं नाही. मला घाई झाली होती, आणि हो, त्यांना तोंडघशी पाडायची खुमखुमी होती. ती तुला भोवली. वहिनीने फोनवर मला नाही नाही ते सुनावलं, आणि बरोबरच केलं. गाढवाबद्दल मात्र माफी मागणार नाही. ते तू स्वतःच कबूल केलंस.

आता काम. काल तुमच्या दुकानाचे वकीलसाहेब माझ्याकडे आले. बसायला एकच स्टूल, त्यावर किल्ल्यांचा डबा, म्हणून उभ्यानेच बोलले. मी तक्रार मागे घ्यायची आणि 'मी केवळ परवानगी घेतली होती' अशा कागदावर सही करायची. बदल्यात मला एकटीला खेळ आणि नकाशे परत. आणि तुला, काही झालंच नाही असं समजून, नोकरीवर परत.

सगळ्यांची नावं माझ्याच अर्जाला जोडलीत, मी पहिली तक्रारदार आहे. माझी तक्रार गेली की बाकीच्यांना नव्याने अर्ज करावे लागतील, आणि तोवर ३१ मार्च उलटून नकाशे पुसलेले असतील. एकोणतीस तारखेला तुझ्याच शहरात सुनावणी आहे. मी साहेबांना आठवडा मागितलाय.

माझं मन काय म्हणतं ते मुद्दाम लिहीत नाही. नोकरी तुझी आहे. तू सही कर म्हणालास तर करीन, आणि जन्मात कधी ऐकवणार नाही.

आत्या

---

२३ मार्च

आत्या,

खरं सांगतो, पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा "सही कर" असंच लिहिलं होतं. ते पाकिटात घालून चिकटवलंही होतं.

मग ऑफिसचं ओळखपत्र जमा करायला गेलो. माझ्या जागेवर नवी मुलगी बसली होती. दुसरा एक खेळ काढलाय, त्याच्या तक्रारींना ती उत्तरं पाठवत होती. माझंच वाक्य. तिने हसून विचारलं, हे तुम्ही लिहिलंत ना, फार छान आहे. मला तिथे उभं राहवेना.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. नकाशे पुसायची काहीही गरज नाही. तुझे चारशे बारा मिळून एका फोटोएवढीही जागा घेत नाहीत. आम्हाला सांगितलं होतं की पुसून टाका, म्हणजे माणसाकडे परत मागण्यासारखं काही राहत नाही आणि तो नाद सोडतो. त्या बैठकीत मी होतो. मी मान हलवली होती.

सही करू नकोस. नोकरी गेली तर गेली, आईला मी समजावीन. दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. सुनावणीला तुझ्या वतीने मी जातो, तसं पत्र लिहून पाठव. पुसण्याबद्दल जे ऐकलं ते तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. आणि माझे त्या दुकानातले चौऱ्याण्णव खेळ आहेत, पगारातून घेतलेले. तक्रारदारांच्या यादीत माझंही नाव घाल, आडनावासकट.

तुझ्यावर अजून चिडलेलो आहे. ते वेगळं.

ठोकळ्या

---

३० मार्च

आत्या,

काल सुनावणी झाली. तुझे मास्तर आले होते, रात्रभर प्रवास करून, इस्त्रीच्या शर्टात. लिफ्टवाल्या बाईही होत्या.

त्यांच्या वकिलाने विचारलं की तक्रारदाराचं नेमकं नुकसान काय झालं? हातात धरता येईल अशी एक वस्तू दाखवा. मी उभा राहिलो. बैठकीत काय ठरलं ते सगळं सांगितलं, ते वाक्य मी लिहिलं हेही सांगितलं. अधिकारी बाईंनी चष्मा काढून मला विचारलं, "आणि तुम्ही आता हे का सांगताय?" मी म्हटलं, "तेव्हा सांगायला हवं होतं म्हणून." त्यांनी हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत कुणाचीही नोंद पुसायची नाही. यादीतल्या चौऱ्याहत्तर जणांचे नकाशे वाचले. मास्तरांनी मला मिठी मारली.

पुढचं कसं लिहू कळत नाही. तुझे वाचले नाहीत. तू नकार कळवलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या खात्यातल्या नोंदी पुसल्या गेल्या. "नजरचुकीने" असं वकील म्हणाला. फक्त तुझ्या. तू परत केलेली पेन ड्राइव्हही त्यांनी कोरी केलीय. मी ओरडलो तिथे, मला बसवलं. ते भरपाई द्यायला तयार आहेत. पुढची तारीख जूनमध्ये आहे. तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारतील, नेमकं काय गेलं, आणि आपल्याकडे दाखवायला आता काही नाही.

ती एक प्रत माझ्या हातात होती, आत्या. मग तुझ्या हातात होती. मी काही म्हणत नाही, पण तू मनात म्हणत असशील म्हणून लिहिलं.

ठोकळ्या

---

९ एप्रिल

ठोकळ्या,

म्हटलं मनात. एकदा नाही, पुष्कळदा. तुझं पत्र वाचून मी भरदुपारी दुकान बंद केलं, घरी आले आणि पोटभर रडले. सहा वर्षं रे. ती प्रत ठेवली असती तर आज बेटं माझ्याकडे असती, आणि तुला त्या खोलीत उभं राहायचं कारण उरलं नसतं. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा परतच करीन, फक्त आधी तुला विचारून. भरपाई घेणार नाही, तसं त्यांना लेखी कळव. तू ओरडलास हे वाचून फार बरं वाटलं. तुझा अभिमान वाटतो मला, हे एकदाच लिहितेय, जपून ठेव.

आता त्यांच्या प्रश्नाचं बघू. काय गेलं ते दाखवा म्हणतात ना? तिसऱ्या दिवशी मी जाड कागदाचं बंडल आणलं आणि टेबलावर बसले. पहिलं बेट आठवून काढलं. वाटलं होतं जमणार नाही. पण तिथे मी चाललेली आहे, ओढा कुठे वळतो ते हाताला माहीत आहे. दुसरं काढलं. नवव्या बेटावरचा एक सुळका विसरले होते, मास्तरांना फोन केला, त्यांनी लगेच सांगितला. आतापर्यंत सव्वीस झाली. गिऱ्हाईकं किल्लीसाठी थांबतात आणि मान वाकडी करून बघत राहतात. एकाने विचारलं, बाई, हे कुठलं गाव? मी म्हटलं, माझं.

जूनपर्यंत चारशे बारा होणार नाहीत. होतील तेवढी घेऊन मी स्वतः येईन. वकीलसाहेबांना हातात धरता येईल अशी वस्तू हवी होती, त्यांनी दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

सव्वीस नकाशे सोबत पाठवतेय, पुराव्याला जोड. या झेरॉक्स आहेत. मूळ नकाशे माझे आहेत, ते कुणालाही द्यायचे नाहीत.

आत्या